मिलि, मेगा, मायक्रो : अर्थ काय आणि रूपांतर कसं?

प्रश्न : मिलियन म्हणजे दहा लाख. मग मिलिमीटर हा मीटरचा हजारावाच भाग का?

– दोन्हींचं मूळ लॅटिन ‘मिले’, म्हणजे हजार. मिलियन इटालियनमधून आला, ‘मोठा हजार’ अशा अर्थाने. मिलि मात्र हजारावरच थांबला, तोही छेदात. १७९५ साली फ्रान्सने दशमान पद्धत ठरवताना सरळ वाटणी केली होती : पटींना ग्रीक शब्द (डेका म्हणजे दहा, हेक्टो शंभर, किलो हजार), अंशांना लॅटिन (डेसि म्हणजे दहावा भाग, सेंटि शंभरावा, मिलि हजारावा). डेका-डेसिचा घोळ होत असेल तर एवढं पुरतं. पुढे ही शिस्त मोडली. मायक्रो (दहा लाखावा भाग) आणि नॅनो (अब्जावा भाग) अंश असूनही ग्रीक. नॅनो म्हणजे चक्क बुटका! फेम्टो आणि अ‍ॅटो तर डॅनिश भाषेतले पंधरा आणि अठरा. छेदात एकावर तितकी शून्यं.

– रूपांतराला तक्ता कशाला हवा? उपसर्ग (एककाआधी जोडलेला किलो, मिलि असा शब्द) काढा, त्या जागी संख्या लिहा. ०.३५ किलोमीटर म्हणजे ०.३५ × १००० मीटर, म्हणजे ३५०. एकक लहान झालं की आकडा मोठा व्हायलाच हवा; तसं झालं नसेल तर गुणायच्या ऐवजी भागलंत.

– मग १ चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर ना?

– इथेच बहुतेक जण फसतात. वर्ग उपसर्गासकट होतो : १०० × १०० = १०,०००. घनमीटरमध्ये तर दहा लाख घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर म्हणजे एक मिलिलिटर, तेव्हा एका घनमीटरमध्ये १००० लिटर.

– ‘किलो’ला आपण वजनच समजतो, पण तो नुसता ‘हजार’ आहे. गंमत म्हणजे वस्तुमानाचं मूळ एकक किलोग्रॅम, म्हणजे उपसर्ग आधीच चिकटलेला. एकावर दुसरा उपसर्ग चढवायचा नाही, म्हणून त्याच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोकिलोग्रॅम न म्हणता मिलिग्रॅम म्हणतात.

– संक्षेप जपून वापरा. रोमन लिपीत लहान ‘एम’ मिलि, मोठा ‘एम’ मेगा, म्हणजे दहा लाख पट; फरक अब्जपटीचा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, आणि ‘मि.’ मिनिटालाही चालतं. मिलिवॉट, मेगावॉट असं पूर्ण लिहिलेलंच बरं.