ब्रिटिश संसदेच्या समित्या प्रसूतिसेवेबद्दल वर्षानुवर्षे तेच प्रश्न का विचारत आहेत?

रानजाई यांचा प्रश्न

सार्वजनिक वित्त या विषयावरील प्रबंधासाठी मी गेले काही महिने ब्रिटिश संसदेच्या समित्यांचे अहवाल वाचते आहे आणि एका जागी माझे वाचन अडले आहे. लोकलेखा समितीने मे २०२५ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याच्या हिशेबांवर अहवाल दिला. १ एप्रिल २०२४ पूर्वी घडलेल्या वैद्यकीय हलगर्जीपणाच्या घटनांसाठी ५८.२ अब्ज पौंडांची तरतूद करून ठेवावी लागल्याचे त्यात नमूद आहे. ब्रिटिश सरकारने करून ठेवलेल्या अशा तरतुदींत यापेक्षा मोठी एकच होती, ती जुनी अणुकेंद्रे मोडीत काढण्याची. २०२३-२४ या एका वर्षात २.८ अब्ज पौंड प्रत्यक्ष चुकते झाले आणि त्यांतले ५३.६ कोटी दावेदारांच्या वकिलांकडे गेले. संख्येने पाहिले तर प्रसूतीशी संबंधित दावे थोडे आहेत, पण नव्या दाव्यांच्या किमतीत निम्म्याहून अधिक वाटा त्यांचाच असतो.

दुसरीकडे इंग्लंडमधल्या रुग्णालयांच्या प्रसूतिसेवेवरील चौकशांचे अहवाल आहेत. मोरकॅम बेचा २०१५ मधला. श्रूजबरी आणि टेलफर्डचा मार्च २०२२ मधला, ज्यात योग्य काळजी मिळाली असती तर २०१ बाळे आणि ९ माता वाचल्या असत्या किंवा वाचू शकल्या असत्या असा निष्कर्ष आहे. आणि ईस्ट केंटचा ऑक्टोबर २०२२ मधला, ज्यात तपासलेल्या २०२ पैकी ९७ प्रकरणांचा शेवट वेगळा होऊ शकला असता असे म्हटले आहे. तिन्ही अहवाल लागोपाठ वाचले की आपण एकच अहवाल तीनदा वाचतो आहोत असे वाटू लागते. आईचे म्हणणे कोणी मनावर घेतले नाही, डॉक्टर आणि मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण) यांच्यात बेबनाव होता आणि चूक झाल्यानंतर ती मान्य करण्यापेक्षा झाकण्याकडे कल होता, हे तिन्हींत आहे.

संसदेची इतकी बारीक नजर असूनही हे थांबत का नाही? वकिलांची फी आटोक्यात आणणे हा खरा उपाय आहे का? आणि बालसंरक्षणाचा विषय, जो मला याच साखळीतला वाटतो, तो नेहमी वेगळ्या समितीपुढे आणि वेगळ्या अहवालात का येतो?

तळटीप यांचे उत्तर

आधी समितीच्या अधिकारांविषयी लिहितो, कारण बराचसा उलगडा तिथेच होतो. लोकलेखा समिती १८६१ पासून आहे. तिचे अध्यक्षपद परंपरेने विरोधी पक्षाकडे असते आणि ती मंत्र्याला नव्हे, तर खात्याच्या सर्वोच्च सनदी अधिकाऱ्याला समोर बसवून विचारणा करते. पैसा नीट खर्च झाला का, हे ती विचारू शकते. धोरण मुळात योग्य होते का, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. तिच्या शिफारशींना सरकारने दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते, परंतु शिफारस बंधनकारक नसते. ‘शिफारस मान्य आहे’ असे लिहून दिले की औपचारिकता पूर्ण होते. त्यानंतर समितीच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे त्याच माणसांना पुन्हा बोलावून तोच प्रश्न पुन्हा विचारणे.

५८.२ अब्जांच्या आकड्याबाबत मात्र सावध राहा. एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्यसेवा; तिच्या वतीने भरपाईची व्यवस्था पाहणाऱ्या एनएचएस रिझोल्यूशन या संस्थेची एकूण तरतूद मार्च २०२२ अखेर १२८.६ अब्ज पौंड होती आणि पुढच्याच वर्षी ती ६९.३ अब्जांवर आली. प्रसूतिकक्ष वर्षभरात दुपटीने सुरक्षित झाले म्हणून हे घडले नाही. भविष्यातील देण्यांचे आजचे मूल्य काढण्यासाठी वापरला जाणारा दर वाढला म्हणून घडले; हा दर जितका जास्त, तितके ते मूल्य कमी भरते. न्यायालये भरपाई ठरवताना वापरतात तो दर निराळा आहे आणि तोही २०१७ मध्ये अडीच टक्क्यांवरून उणे पाऊण टक्क्यावर आणला गेला, तेव्हा आधी घडून गेलेल्या इजांचीच किंमत एकाएकी वाढली.

भरपाई इतकी मोठी असते याचे कारण साधे आणि दुःखद आहे. जन्मावेळी ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा झालेल्या मुलाला आयुष्यभर काळजीवाहक, बदल करून घेतलेले घर आणि उपकरणे लागतात, आणि न्यायालय त्या साऱ्याचा हिशेब धरते. १९४८ च्या कायद्यातील एका कलमानुसार हा हिशेब खासगी सेवेच्या दराने होऊ शकतो. ती सेवा एनएचएसमध्ये मोफत मिळू शकते ही बाब विचारात घ्यायची नसते. आरोग्य समितीने एप्रिल २०२२ मध्ये, जेरेमी हंट अध्यक्ष असताना, हे कलम रद्द करण्याची शिफारस केली. हंट त्याच वर्षी वित्तमंत्री झाले, तरी ते कलम जागेवरच राहिले. हे कलम सरसकट काढणे मला योग्य वाटत नाही, कारण अशा मुलांना सार्वजनिक सेवा वेळेवर मिळेल याची हमी कोणी देत नाही.

वकिलांच्या फीबद्दल सांगायचे तर लहान दाव्यांत ती अनेकदा भरपाईपेक्षा जास्त होते आणि तिथे सुधारणा हवीच. पण २.८ अब्जांत तिचा वाटा १९ टक्के आहे. ती शून्यावर आणली तरी उरलेल्या ८१ टक्क्यांतली बहुतेक रक्कम इजेमुळेच द्यावी लागेल.

मध्यरात्र यांचे उत्तर

मी इंग्लंडमध्ये मिडवाइफ म्हणून अकरा वर्षे काम केले आहे, त्यामुळे आकड्यांपेक्षा प्रसूतिकक्षाच्या आतले लिहिते.

बाळाच्या हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या यंत्रातून कागदाची पट्टी मिनिटाला एक सेंटिमीटर या वेगाने बाहेर येते, म्हणजे अर्ध्या तासात जवळपास फूटभर. ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या दरम्यान असावे लागतात. पण नुसत्या आकड्याने काही कळत नाही, रेषेची थरथर आणि प्रत्येक कळेनंतरची तिची उतरण वाचावी लागते. तासन् तास एकच पट्टी पाहणाऱ्या डोळ्यांना हळूहळू होणारा बदल दिसेनासा होतो. म्हणून दर तासाला दुसऱ्या मिडवाइफने येऊन ती स्वतंत्रपणे वाचायची पद्धत आहे. आम्ही तिला ‘ताजी नजर’ म्हणतो.

एका रात्री ही ताजी नजर दोन तास फिरकली नाही, कारण जिने यायचे ती शस्त्रक्रियागृहात अडकली होती आणि तिच्या जागी बोलावण्यासारखे दुसरे कोणी पाळीवर नव्हते. आई मात्र सांगत होती की बाळाची हालचाल तिला वेगळी वाटते आहे. पहिलटकरीण आहे, घाबरली आहे, असे वरिष्ठांनी ठरवले. मी आवाज चढवायला हवा होता आणि तो मी उशिरा चढवला. बाळ जगले, परंतु पुढचे ७२ तास त्याचे शरीर साडेतेहतीस अंशांपर्यंत थंड ठेवावे लागले. ऑक्सिजनअभावी मेंदूची हानी वाढू नये म्हणून हा उपचार जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करतात. चूक झाली तर ती कुटुंबाला प्रामाणिकपणे सांगण्याचे कायदेशीर बंधन २०१४ पासून इंग्लंडमधील एनएचएस रुग्णालयांवर आहे. त्या आईला जे पत्र गेले त्यात सहानुभूतीची चार वाक्ये होती; दोन तासांचा उल्लेख नव्हता. तो तिला वकिलामार्फत कागदपत्रे मागवल्यावर कळला. ती पैशासाठी न्यायालयात गेली असे ज्यांना वाटते त्यांनी ते पत्र वाचायला हवे होते.

रानजाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की वरून येणारी तपासणी खाली पोहोचेपर्यंत तक्ता होऊन जाते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या योजनेत, दहा सुरक्षा निकष पूर्ण केल्याचे रुग्णालयाने स्वतःच प्रमाणित केले की भरपाई निधीत भरलेल्या वर्गणीचा काही भाग परत मिळत असे. श्रूजबरी आणि टेलफर्डच्या संस्थेला त्या वर्षी सुमारे साडेनऊ लाख पौंड असे परत मिळाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या काळजी गुणवत्ता आयोगाने तिला ‘अपुरी’ हा सर्वांत खालचा दर्जा दिला. हे वाचल्यापासून कोणत्याही भरलेल्या तक्त्यावर माझा विश्वास बसत नाही. दर पाळीला प्रत्यक्ष किती मिडवाइफ हजर होत्या आणि किती हव्या होत्या, एवढे दोनच आकडे समितीने प्रत्येक रुग्णालयाकडून मागवावेत.

सांजवात यांचे उत्तर

मी एका स्थानिक परिषदेच्या बालसेवा विभागात समाजकार्यकर्ती आहे. बालसंरक्षण याच साखळीतले आहे, हे तुमचे निरीक्षण मला पूर्णपणे पटते.

१९८९ च्या बालक कायद्याच्या ४७ व्या कलमाखाली मुलाला गंभीर इजेचा धोका असल्याचा रास्त संशय आला तर परिषदेने चौकशी केलीच पाहिजे. पण बाळाच्या बाबतीत तो संशय येणार कोणाला? हेल्थ व्हिजिटरला, म्हणजे लहान मुलांच्या घरी भेट देणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेला. गरोदरपणापासून मूल अडीच वर्षांचे होईपर्यंत तिच्या पाच भेटी ठरलेल्या आहेत. ही सेवा ऑक्टोबर २०१५ मध्ये एनएचएसकडून स्थानिक परिषदांकडे आली आणि ज्या अनुदानातून तिचा खर्च चालतो ते नंतरच्या वर्षांत महागाईच्या मानाने घटत गेले. प्रसूतीचा खर्च एका वहीत, हेल्थ व्हिजिटरचा दुसऱ्या, आणि मूल परिषदेच्या ताब्यात घ्यावे लागले तर तो तिसऱ्या. एका वहीत वाचवलेला पैसा दुसऱ्या वहीत दामदुपटीने खर्च होतो, आणि आरोग्य समिती व शिक्षण समिती आपापल्या खात्याची वही तेवढी पाहतात. सगळ्या वह्या एकत्र मागवू शकेल अशी लोकलेखा समितीच आहे.

माहितीचे तुकडे होणे हा तर जुनाच रोग आहे. २००० साली व्हिक्टोरिया क्लिंबी या आठ वर्षांच्या मुलीचा छळाने मृत्यू झाला; तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी यंत्रणांनी गमावल्या, असे लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीने २००३ मध्ये सांगितले. प्रत्येक मुलाची माहिती जोडणारा एकच ओळख क्रमांक असावा ही तरतूद असलेले विधेयक संसदेत मांडले गेले ते डिसेंबर २०२४ मध्ये.

आणखी एक गोष्ट कागदावर सहसा येत नाही. प्रसूतीच्या वेळी जिचे कोणी ऐकले नाही, ती आई पुढे कोणत्याही सरकारी माणसाला दार उघडायला कचरते. आमच्या नोंदीत मग ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो आणि तो शेरा तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वाचला जातो. मी स्वतः असे शेरे लिहिले आहेत. आता असा शेरा लिहिण्याआधी मी तिला बाळंतपण कसे झाले ते विचारते, आणि अनेकदा त्या उत्तरानेच दार उघडते.

रानजाई

तिघांचेही मनापासून आभार. एकूण रकमेऐवजी एखाद्याच शिफारशीचा माग काढावा असे आता वाटते. आरोग्य समितीने जुलै २०२१ मध्ये प्रसूतिसेवेच्या मनुष्यबळासाठी वर्षाला किमान २० ते ३५ कोटी पौंड वाढवून द्यावेत असे म्हटले होते. ही शिफारस घेतली तर चालेल का?

तळटीप

उत्तम निवड आहे. एनएचएसने मार्च २०२१ मध्ये ९.५ कोटी आणि मार्च २०२२ मध्ये आणखी १२.७ कोटी पौंड जाहीर केले होते, तिथून सुरुवात करा. जाहीर झालेली रक्कम आणि पाळीवर प्रत्यक्ष वाढलेली माणसे यांचे स्तंभ वेगवेगळे ठेवा. शिवाय लहानपणी इजा झालेल्या व्यक्तीला एकविसाव्या वाढदिवसापर्यंत दावा लावता येतो आणि निर्णयक्षमता नसलेल्यांना तर मुदतच लागू होत नाही. म्हणून आज चुकती होणारी भरपाई बहुधा कित्येक वर्षांपूर्वीच्या बाळंतपणांची असते; २०२१ नंतरच्या खर्चाचा परिणाम त्यात शोधू नका. मध्यरात्र यांनी सुचवलेले दोन आकडे मिळाले, तर तोच तुमच्या प्रबंधाचा गाभा ठरेल.