पंचवीस फुटी पाम हलवायचाय, मातीचा गड्डा केवढा ठेवू?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात ताराबाई पार्कात आमचं जुनं बैठं घर आहे. फाटकाच्या दोन्ही अंगाला वडिलांनी 2001 साली लावलेले दोन पाम, आता गच्चीच्या वर गेलेत. अंदाजे 25 फूट. वर मजला काढायचा ठरलाय आणि नकाशात डावीकडचा पाम नेमका कॉलमच्या जागी येतोय. तोडायला आई तयार नाही. (मीही नाही, पण कॉन्ट्रॅक्टरला आईचं नाव सांगतो.) म्हणून मागच्या परसात हलवायचाय. महापालिकेत झाडाच्या परवानगीचा अर्ज दिलाय, त्यामुळं 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यावरून कुणी झापू नका.

आमच्याकडं सगळे याला बॉटल पाम म्हणतात. पण आहे तो रॉयल पाम. खरा बॉटल पाम बुटका, बुडाशी पोट सुटलेला. नावाचा घोळ एवढ्यासाठी मिटवला की प्रत्येक पामच्या तुटलेल्या मुळांची तऱ्हा वेगळी. नारळाची मुळं आखूड तोडा की लांब, साधारण निम्मी परत फुटतात. रॉयलचं तसं नाही म्हणे. बुंध्यालगत तोडली तर जवळपास सगळी मरतात, तीनेक फुटांवर तोडली तर बरीच जगतात.

आणि जेसीबीवाला म्हणतोय, "दीड फुटाचा गड्डा काढतो, तासाभराचं काम!" मला बुंध्यापासून तीन फूट हवेत, पण एका बाजूला कंपाउंडची भिंत दोन फुटांवरच आहे. मग काय करू?

दुसरी अडचण वेळेची. कॉन्ट्रॅक्टरला मेच्या मध्यात खोदाई हवीय. मला वाटतं मृगाचा पाऊस पडू द्यावा, जमीन उबदार आणि ओली असते. पण आमची काळी माती एकदा भिजली की हायड्रा क्रेन रुतलीच. शिवाय परस सखल आहे, जुलैत दोन-दोन दिवस पाणी साचतं.

माळावरचा: भावा, भिंतीकडं दोन फूट तर दोन फूट, बाकी तीन बाजूंनी तीन फूट ठेवच. अर्ध्या बाजूचा चर आत्ताच मार, पालापाचोळा आणि शेणखत भरून रोज पाणी दे. सहा-आठ आठवड्यांत तिकडून नवी मुळं निघतील, मग उरलेली बाजू तोड. मेचा हट्ट कॉन्ट्रॅक्टरला सोडायला लाव. वळवाचे दोन-तीन पाऊस झाले की जून लागताच, रान चिखल व्हायच्या आत उचल.

परसात खड्डा खोल घेऊ नको. वाऱ्यानं पडेल म्हणून लोक पाम फूटभर जास्त गाडतात, आणि दोन-तीन वर्षांनी पिवळा का पडला म्हणून विचारतात. आत्ता जिथवर माती आहे तिथवरच. पाणी साचतंय तर उलट उंचवटा करून लाव. खालच्या निम्म्या झावळ्या काढ, उरलेल्या सुतळीनं वर बांध. टेकू द्यायला खोडात खिळे मारायचे नाहीत. पामची जखम कधी भरून येत नाही, वर खोड पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याला आमंत्रण. बारदान गुंडाळ, त्यावर लाकडी ठोकळे पट्ट्यानं आवळ आणि टेकू त्या ठोकळ्यांना ठोक. सहा महिने तरी काढू नको.

धागाकर्ता: आभार! कॉन्ट्रॅक्टर कुरकुरत का होईना, उजवीकडून काम सुरू करायला तयार झालाय. चर उद्याच मारतो. पण बाजूच्या वाटेवर विजेची तार आहे, झाड उभं नेता येणार नाही. आडवं करताना शेंडा मोडला तर?

माळावरचा: मोडला तर संपलं, पामला एकच कोंब असतो. दोन लांब बांबू खोडाला बांधून झावळ्यांच्या वरपर्यंत ने, शेंडा त्यांच्यातच करकचून धर. उचलायला साखळी नको, रुंद पट्टा, खाली पोती. आणि हायड्रावाल्याला आधी तार दाखव, झाड नंतर.