फणसाचं वाक्य की कोडॉनचा तक्ता?

खाडीकाठचा मास्तर
दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा, आनुवंशिकता व उत्क्रांती. डीएनएवरून प्रथिन बनण्याच्या पायऱ्या, प्रतिलेखन, भाषांतरण, स्थानांतरण, पोरं घडाघडा म्हणतात. 'भाषांतर कशाचं रे?' विचारलं की खिडकीबाहेर बघतात. म्हणून यंदा व्हरांड्यात सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी बारा चिठ्ठ्या लावल्या: बबनफणसपकडउचल. मधे जागा सोडली नाही, डीएनएतही नसते. काना-मात्रा मुद्दाम टाळल्या. नियम एकच, डावीकडून तीन-तीन अक्षरं वाचायची.

'च' काढून 'क' लावला, 'उचल'चं 'उकल' झालं. मग दुसरा 'ब' काढून बाकीच्या चिठ्ठ्या सरकवल्या: बनफ णसप कडउ चल. मागच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला, म्हणाला, "सर, पुढचं सगळंच नासलं." फ्रेमशिफ्ट, म्हणजे अक्षर गळून पुढचं सगळं वाचन सरकणं, आणखी वेगळं काय असतं? माझं म्हणणं, कोडॉनचा तक्ता, म्हणजे कुठल्या तीन अक्षरांनी प्रथिनाचा कुठला मणी (अमिनो आम्ल) येतो त्याची यादी, अकरावीपर्यंत दाखवूच नये. आधी हे वाक्य, मग रक्ताचा आनुवंशिक आजार सिकलसेल, बस्स.

लांज्याची लेक
मास्तर, तुमची पोरं अकरावीला माझ्याकडे येतात, म्हणून बोलते. वाक्य झकास आहे, पण त्यात एक गोष्ट शिकवताच येत नाही. तुमच्या सुतळीवर अक्षर बदललं की काहीतरी बिघडतंच. पेशीत तसं नाही. कोडॉन म्हणजे आरएनएच्या ए, यू, जी, सी या अक्षरांतली लागोपाठची तीन. असे कोडॉन ६४, त्यातले तीन थांबायचे, उरलेले ६१ फक्त २० अमिनो आम्लांसाठी. जीएजीचं जीएए झालं तरी ग्लुटामिक आम्लच येतं, प्रथिनाला पत्ताही लागत नाही. त्याच जीएजीचं मधलं अक्षर बदलून जीयूजी झालं की व्हॅलिन येतं आणि सिकलसेलचं हिमोग्लोबिन तयार होतं. एक बदल फुकट, एक जिवावर बेतणारा. हे तक्त्याशिवाय कसं पटवणार?

खाडीकाठचा मास्तर
ताई, त्यालाही तोड आहे. आपण फणस म्हणतो, गोव्याकडे पणस म्हणतात. अक्षर बदललं, गरे तेच.

लांज्याची लेक
नाही हो! फणस नि पणस आपल्याला कळतात, कारण आपण माणसं आहोत, अंदाज बांधतो. रायबोसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिन जोडणारं यंत्र, अंदाज बांधत नाही. कोडॉनला जुळणारा टीआरएनए (अमिनो आम्ल आणणारा हमाल) आला की त्याच्या पाठीवरचं अमिनो आम्ल साखळीत लागतं, संपलं. तुमच्या उपमेतून पोरं 'पेशीला अर्थ समजतो' असं घेऊन येतात आणि ते काढायला माझे दोन तास जातात. दुसरं म्हणजे तुमची सुतळी एकच, डीएनएचे धागे दोन. गेल्या चाचणीत मी साच्याच्या धाग्यावरचं, म्हणजे ज्यावरून आरएनए बनतो त्यावरचं, सीटीसी दिलं होतं. उलट जोडी लावून, सीसमोर जी नि टीसमोर ए, जीएजी काढायचं. निम्म्या वर्गानं नुसतं टीच्या जागी आरएनएचा यू लिहून सीयूसी केलं आणि थेट तक्ता वाचला. उत्तर ल्युसिन! तक्ता बरोबर वाचला, धागाच चुकीचा.

मालवणी तडको
मास्तरानु, फणस बरो आसा, पण पोरांका मार्क खंयसून गावतले? बोर्डाचो पेपर सुतळेवर येणा नाय.

आंबेवाला
सगळे रोगच का सांगताय? उत्परिवर्तन (डीएनएतला असा बदल) म्हणजे आजार असंच पोरांच्या डोक्यात बसेल. चांगलं पण सांगा. आमच्या दापोलीच्या विद्यापीठाचा रत्ना आंबा बघा.

लांज्याची लेक
दादा, रत्ना हा संकर आहे, नीलम नि हापूसचा. उत्परिवर्तनातून आलेलं हवं तर ट्रॉम्बेकडे बघा. भाभा अणुसंशोधन केंद्रानं किरणांचा मारा करून बियांत बदल घडवले, त्यातले उपयोगी निवडले आणि त्या वाटेनं भुईमुगाची वाणं आली. टॅग-२४ त्याच घराण्यातलं. पण हेही सांगा की मारा केला तेव्हा बी-बियाण्याला काय हवंय ते कुणी विचारलं नव्हतं. बहुतेक बदल टाकाऊच निघतात.

(सगळे रोगच सांगू नयेत, हा तुमचा मुद्दा मात्र मला मान्य आहे.)

डहाणू लोकल
सिकलसेलनं सुरुवात करा म्हणणाऱ्यांनी आमच्या वर्गात एकदा यावं. इथे आश्रमशाळेतल्या पोरांची सिकलसेलसाठी रक्ततपासणी होते. फळ्यावर जीयूजी लिहिते तेव्हा समोर बसलेल्यांतल्या कुणाच्या तरी तपासणीच्या कार्डावर ते आहे, हे मला माहीत असतं, तिलाही माहीत असतं. पहिल्या वर्षी मी पुस्तकातलं 'दोषी जनुक' मोठ्यानं वाचलं. ती मुलगी मधल्या सुट्टीनंतर वर्गात आली नाही.

आता आधी वाहक आणि रुग्ण वेगळे करते. एकाच पालकाकडून आलं तर वाहक, दोघांकडून आलं तर आजार. मग मलेरिया सांगते. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखांत हे एक अक्षर पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलं. तेच अक्षर कुठे वाचवतं, कुठे मारतं. तुमच्या बबनच्या वाक्यात हे कुठे बसवणार, मास्तर?

खाडीकाठचा मास्तर
बसत नाही. 'सिकलसेल, बस्स' लिहिताना माझ्यासमोर धडा होता, मूल नव्हतं. ते बस्स मागे घेतो.

लांज्याच्या ताईंचंही निम्मं ऐकतो. उद्या दोन सुतळ्या बांधतो, दोन्हींवर ए-टी-जी-सी, समोरासमोर जोड्या. तक्ता आणीन, पण पाठ करायला नाही, बघायला. फणस मात्र सोडणार नाही. एक चिठ्ठी नाही, पुरता 'फणस' काढला तर काय उरतं, विचारलं होतं. मागच्या बाकावरचाच म्हणाला, "बबन पकड उचल. वाक्य चालतंय सर, फक्त फणस गेला." तीन अक्षरं गेली की वाचन सरकत नाही, हे त्याला न शिकवता कळलं.

मालवणी तडको
तेका मार्क देवा आधी.