मोझेलची गोड रीस्लिंग: कोणत्या पदार्थासोबत द्यावी?

रानजाई:
जर्मनीतल्या मोझेल खोऱ्यातली रीस्लिंग (पांढऱ्या द्राक्षांची वाइन) आणली आहे, लेबलवर 'श्पेटलेझे', 2021 सालची, 8 टक्के अल्कोहोल. शनिवारी फ्रांकफुर्टला सहा जणांचं जेवण आहे. तळलेली सुरमई, नारळाच्या दुधातलं कोळंबीचं कालवण, झणझणीत चिकन सुकं आणि शेवटी श्रीखंड असा बेत आहे. वाइन गोड आहे, तर ती श्रीखंडासोबतच द्यायची ना? थंड किती करायची? दुकानात शेजारीच 'श्पेटलेझे ट्रोकन' होती. त्या दोन्हींत फरक काय?

उतारावरचा मळा:
श्रीखंडासोबत अजिबात देऊ नका. घरच्या श्रीखंडात चक्क्याच्या पाऊणपट ते बरोबरीने साखर पडते. तुमच्या वाइनमध्ये लिटरला साधारण 60 ग्रॅम असेल. श्रीखंडाच्या चमच्यानंतर तीच वाइन लिंबूपाण्यासारखी आंबट आणि पाणचट लागेल. गोडासोबत द्यायची वाइन त्या गोडापेक्षा गोड हवी, आणि श्रीखंडापुढे ट्रोकनबेरेनआउसलेझे, म्हणजे सुकलेल्या द्राक्षांची अतिगोड वाइनसुद्धा टिकणार नाही.

60 चा अंदाज बाटलीवरच्या आकड्यावरून येतो. 1 टक्का अल्कोहोल व्हायला लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर खर्च होते. साडेअकरा टक्क्यांपर्यंत जाऊ शकणारा रस आंबताना 8 वर थांबवला, तर साडेतीन टक्क्यांची साखर तशीच राहते. थांबवण्यासाठी टाकी थंड करतात, यीस्ट गाळून काढतात आणि थोडं सल्फर घालतात.

ट्रोकन म्हणजे कोरडी, साखर जवळजवळ न उरलेली. श्पेटलेझे ('उशिरा तोडलेली') हा शब्द द्राक्षं तोडताना रसात किती साखर होती ते सांगतो, बाटलीत किती उरली ते नाही. म्हणून लेबलवर आधी अल्कोहोल बघावं: 7 ते 9 असेल तर गोड, 12 च्या आसपास असेल तर बहुतेक कोरडी.

कोकमआगळ:
मळा यांच्याशी सहमत. बेतापुरतं सांगते.

सुरमई सगळ्यात उत्तम. मीठ, तेल आणि कुरकुरीत रव्याला आंबट-गोड वाइन फार छान लागते. 2021 हे मोझेलला थंड साल होतं, त्यामुळे आंबटपणा चांगला धारदार आहे. तेलकटपणा तोच कापतो. कोळंबीच्या कालवणातलं कोकम मात्र जपून घाला. कालवण वाइनपेक्षा आंबट झालं की वाइन नुसती गुळमट लागते. चार वाट्या कालवणाला तीन-चार आमसुलं पुरेत, आणि ती शेवटच्या पाच मिनिटांत घाला.

तांबडी माती:
चिकन सुक्याबद्दल. तिखटाला ही वाइन चालते, कारण साखर मिरचीची आग झाकते आणि अल्कोहोल कमी असल्याने जळजळ वाढत नाही. साडेतेरा-चौदा टक्क्यांची रेड त्याच सुक्यासोबत तोंड पेटवते. पण डोळ्यांत पाणी येईल इतकं तिखट असेल, तर श्पेटलेझेचा पीच-सफरचंदाचा वास कळतच नाही, चांगली बाटली वाया जाते. निम्मी लवंगी, निम्मी ब्याडगी करा. रंग तोच राहील.

उतारावरचा मळा:
थंडाव्याचं राहिलं. 8 ते 10 अंश. फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटांनी ओता. फार गार दिली तर वास दबतो आणि आंबटपणा टोचतो, कोमट झाली तर चिकट लागते. ओतल्यावर काडेपेटीचा वास आला तर घाबरू नका, तो सल्फर असतो. चंबूत अर्धा तास ठेवा, उडून जाईल. जुन्या रीस्लिंगला रॉकेलसारखा वास येतो तो वेगळा, आणि तो दोष नाही.

750 मिलीची एक बाटली सहा जणांना 125 मिलीने संपते. माशापासून सुक्यापर्यंत पुरवायची तर दोन घ्या.

रानजाई:
तळाशी साखरेसारखे खडे दिसतायत. आणि उरली तर?

कोकमआगळ:
ते टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे खडे, निरुपद्रवी. बाटली तासभर उभी ठेवा आणि शेवटचा घोट सोडून ओता. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस सहज राहते. तिच्यासोबत धुरावलेला ट्राउट किंवा भाजलेलं डुकराचं मांस आणि सफरचंदाची चटणी खा. निळं चीज आवडत असेल तर मात्र पुढच्या वेळी आउसलेझे (श्पेटलेझेच्या वरची, सहसा जास्त गोड प्रत) घ्या, खारटपणाला तेवढी जास्त साखर लागते.