इंदूरजवळच्या राऊतल्या कोंबड्यांची घरघर: घरच्या ग्रुपवर

काकू (राऊ): सकाळीच त्रास देतेय. परवापासून कोंबड्या शिंकतायत. रात्री खुराड्यापाशी गेलं की घरघर ऐकू येते, कुणी हुक्का ओढतंय अशी. ३ कडकनाथ आणि १ गावठी. गावठीच्या डाव्या डोळ्यात फेससुद्धा आहे.

माई: थंडी बाधली गं. निखाऱ्यावर ओवा नि कापूर टाकून खुराड्यात धुरी दे, वरून पोतं झाक. देवासच्या वाड्यात आम्ही हेच करायचो.

दादा: मी कालच दुकानातून एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची बाटली आणलीये. दुकानदार म्हणाला पाण्यात टाका, ३ दिवसांत ठणठणीत. संध्याकाळी देऊन जातो काकू.

ताई (महू): थांबा. धुरी नको आणि बाटलीही उघडू नका. काकू, आधी एवढं सांग. कुणी मेली का? विष्ठा हिरवी, पातळ आहे का? मान वाकडी होतेय, पाय लुळे पडतायत? तोंड सुजून नाकाला घाण वास येतोय? अंड्यांची कवचं सुरकुतलेली आहेत? आणि नवीन कोंबडी आणली होतीस का?

काकू (राऊ): मेली कुणी नाही. मान सरळ, विष्ठा नेहमीसारखी. अंडी ७ ची ४ झाली, कवच ठीक. हो, १५ दिवसांपूर्वी हाटातून २ गावठी आणल्या आणि त्याच संध्याकाळी आपल्या कळपात सोडल्या. डोळ्यात फेस आलेली त्यातलीच.

आत्या (पुणे): बर्ड फ्लू तर नाही ना? त्या वर्षी तुमच्याकडे इंदूरच्या डेली कॉलेजात कावळे मेले होते.

ताई (महू): आत्या, विचारलंस ते बरं केलंस. डिसेंबर २०२० अखेर ते कावळे मेले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेत एच५एन८ हा बर्ड फ्लूचा विषाणू निघाला होता. पण तो कोंबड्यांत शिरला तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत धडाधड मरायला लागतात, डोकं सुजतं, तुरा जांभळा पडतो. आपल्या कडकनाथांचा तुरा मुळातच काळसर, त्यामुळे रंगावर विसंबू नकोस. एकदम २-३ मेल्या, तर हात न लावता १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन कर. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकायची नाही, कुणाला द्यायचीही नाही.

मला आत्ता सीआरडी वाटतोय, म्हणजे मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा जुनाट श्वासरोग. पण नुसतं वाटण्यावर औषध द्यायचं नाही. मानमोडी आणि ब्रॉन्कायटिस विषाणूचे आजार आहेत, त्यांना प्रतिजैविकं लागू पडत नाहीत. कुजलेल्या गवतावरची बुरशी फुप्फुसात गेली तरी अशीच घरघर होते. दादा, तू आणलेलं औषध अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी नाहीच. ते अंड्यात उतरतं, आणि ती अंडी आपण खातो, माई खातात, बाळ खातो. दुकानदाराला हे माहीत असायला हवं होतं, याचा मला खरंच राग येतो.

माई: मग धुरीनं काय बिघडतं?

ताई (महू): माई, तुमच्या वाड्यात खुराडं मोकळं असेल. पक्ष्याचं फुप्फुस आपल्यासारखं फुगत नाही. पोटापर्यंत पसरलेल्या ९ हवेच्या पिशव्यांतून वारा खेळतो, म्हणून धूर त्यांना आपल्यापेक्षा खूप खोल लागतो. आधीच सुजलेल्या श्वासनळीला तो सोसणार नाही. मी २ वाजता येते.

दादा: मीही येतो. बाटली तशीच परत करतो.

*

ताई (महू): सगळ्यांना सांगते. खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री होती. उभं राहून काही कळलं नाही. मग खाली बसून कोंबडीच्या उंचीवर तोंड नेलं, तर डोळे चुरचुरले. ओल्या विष्ठेचा अमोनिया तो. श्वासनळीत बारीक केसांसारखी लव असते, ती धूळ आणि जंतू वर ढकलते. अमोनियानं तीच लव बंद पडते. म्हणजे रोग हाटातून आला, पण त्याला दार आपण उघडून दिलं. काकू, मन लावून घेऊ नकोस, मायेनंच बांधली होतीस ताडपत्री. कोंबडीला पिसं आहेत, कोरड्या थंडीचं तिला फारसं काही नाही. खालच्या बाजूला वारा अडव, वर आढ्याशी हातभर मोकळं ठेव. ओला पेंढा सगळा काढून भाताचं कोरडं तूस घातलंय.

काकू (राऊ): ४ आजाऱ्यांना न्हाणीघरात ठेवलंय. पण त्या काही खात नाहीत.

ताई (महू): दाणा कोमट पाण्यात भिजवून दे, गिळायला सोपा जातो. चोच उघडून पाणी किंवा औषध ओतू नकोस. जिभेच्या मागेच श्वासनळीचं तोंड आहे, एक घोट चुकला की फुप्फुसात जातो. डोळे कोमट मिठाच्या पाण्यानं पूस, प्रत्येकीला वेगळा कापूस. आणि कामाचा क्रम: आधी ७ चांगल्या, शेवटी ४ आजारी. चप्पल वेगळी, हात धुवायचे. दादा, तू इकडून थेट तुझ्या मित्राच्या पोल्ट्रीवर जाऊ नकोस हं.

काका: लस देऊन टाकायची का? लासोटाची?

ताई (महू): आत्ता नाही काका. ती जिवंत लस आहे, आजारी कोंबडीला दिली तर त्रास वाढतो. आणि ती मानमोडीची. सीआरडी तिनं थांबत नाही. बऱ्या झाल्या की नक्की देऊ.

*

काकू (राऊ): सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. रक्ताचा थेंब काचपट्टीवर बघितला, सीआरडीच आहे म्हणाले. डॉक्सीसायक्लिन ५ दिवस, वजनावर डोस. पाण्यात दिलं तर आजारी कोंबडी पाणीच पीत नाही, म्हणून भिजवलेल्या दाण्यात कालवून प्रत्येकीला वेगळं द्यायला सांगितलं. डॉक्टर कळवेपर्यंत अंडी खड्ड्यात पुरायची.

आत्या (पुणे): सगळी? उकडून खाल्ली तर?

ताई (महू): उकडल्यानं औषध जाईलच असं नाही आत्या. पुरायचीच.

*

काकू (राऊ): आज ७ वा दिवस. घरघर थांबली. चौघी उकरायला लागल्या! माई, तुमची लाडकी काळी पहाटे ओरडली.

माई: देव पावला. मग शेजारच्या कुसुमला कबूल केल्याप्रमाणे ती दोन गावठी देऊन टाक.

ताई (महू): माई, नको. बरी दिसली तरी जंतू तिच्या अंगात राहतो, बहुधा आयुष्यभर. कुसुममावशींच्या कळपात तो जाईल. आणि काकू, आणखी एक, सांगताना मला जड जातंय. खुडूक बसलीये तिच्याखाली ९ अंडी आहेत ना? हा जंतू अंड्यातून पिल्लात उतरतो.

काकू (राऊ): १३ दिवस बसलीये गं ती. एकदाही नीट उठली नाही.

ताई (महू): माहीत आहे. पण पिल्लं जन्मालाच आजार घेऊन येतील, आणि ती आपण कुणाला देऊही शकणार नाही. हा कळप आपण अंड्यांपुरता ठेवू, बाहेरची एकही आत नाही. पुढची पिल्लं झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रातून आणू आणि १ महिना वेगळ्या खुराड्यात ठेवू. कुसुममावशींना त्यातली २ देऊ.

दादा: त्यांना मी सांगून येतो. नवं खुराडं रविवारी मी बांधतो, वरची जाळी आधी.

काकू (राऊ): उचलली अंडी. दादानं अंगणाच्या कडेला खड्डा काढला. ती रिकाम्या टोपलीत जाऊन बसलीये.

ताई (महू): टोपली काढून ठेव काकू. जमिनीवर, इतरांबरोबर, दाणा टाक. मी उद्या येतेच.