देवणी जातीची गाय ओळखायला कसं शिकवावं, लक्षणं सांगून की जनावरं दाखवून?

उदगीरचा_गडी:
आमचे आबा हाळीच्या बाजारात लांबूनच सांगतात ही असल देवणी, ही क्रॉस म्हणजे संकरित. कशावरून म्हणलं तर "बघितलं की कळतंय की". पुतण्याला शिकवायलोय, लोंबते कान, पुढं आलेलं कपाळ, गळ्याची पोळी सगळं पाठ झालंय त्याचं, पण जनावरापुढं उभं केलं की गोंधळतो. मग आबांच्या डोक्यात नेमकं असतंय तरी काय?

मानसशास्त्र_परभणी:
भाऊ, 1970 च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एलेनॉर रॉश यांनी दाखवलं की डोक्यात व्याख्या नसते, एक ठळक नमुना असतो अन् बाकीचं त्याच्या जवळ-लांब बसतं. "रॉबिन पक्षी आहे" याला लोक झटकन हो म्हणायचे, "कोंबडी पक्षी आहे" म्हणलं की जरा वेळ लागायचा. आबांकडं असाच देवणीचा नमुना तयार झालाय.

कंधारकर:
मला नाही पटत ताई. देवणीत वानेरा आहे तोंड काळं अंग पांढरं, बालंक्या सगळी पांढरी, शेवरा काळी-पांढरी ठिगळं, या तिन्हीचा सरासरी नमुना काढला तर तसली गाय कुठंच सापडायची नाही! मेडिन अन् शॅफर या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये मांडलं की बघितलेली एकेक उदाहरणंच लक्षात राहतात अन् नवीन जनावर आलं की मन त्यांच्याशी ताडून बघतं. आबांनी जन्मभर जनावरं बघितलीत, पुतण्याकडं नुसती यादी आहे, फरक तिथंच पडायलाय. नियमानं भागतं ते आमच्या लाल कंधारी जातीत, गडद लाल रंग दिसला की बहुतेक काम झालं.

गुरांचा_डॉक्टर:
वाद चालू द्या, पुतण्याचं बघू. कॉर्नेल अन् ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांचा 2008 चा प्रयोग आहे, वेगवेगळ्या चित्रकारांची चित्रं काहींची सलग दाखवली, काहींची मिसळून, अन् मिसळून दाखवलेल्या चित्रकारांची नवी चित्रं लोकांनी जास्त बरोबर ओळखली, गंमत म्हणजे बहुतेकांना सलगच बरं वाटलं होतं. म्हणून एक दिवस देवणी, एक दिवस डांगी ही दुसरी जात, असं करू नका. शेवरा अन् डांगी दोन्ही काळ्या-पांढऱ्या, पोरं तिथंच फसतात, तेव्हा त्याच दोघींचे फोटो उलटसुलट लावा, मधी क्रॉस घाला, आधी त्याला बोलू द्या अन् लगेच बरोबर-चूक सांगा. कान-कपाळ त्यानंतर दाखवा, तेव्हा त्याला ते दिसायला लागंल.