कामगंध सापळ्यात रोज पतंग, तरी कपाशीच्या कैरीत (हिरव्या बोंडात) अळी. सापळे शेजारचे पतंग ओढतात का?

चोपड्याचा कापूसवाला:
तीन एकर बागायती कपाशी, मे अखेरची लागवड. गुलाबी बोंडअळीसाठी सहा सापळे लावलेत. दोनांत रोज 12-15 पतंग, एकात भोपळा. वीस कैऱ्या फोडल्या तर तीनमध्ये अळी. शेजारचे काका म्हणतात, सापळ्यांनीच गावभरचे पतंग वावरात बोलावले. काढून टाकू का?

बांधावरचा:
काढू नका, भाऊ. काकांचं अर्धंच खरं आहे. सापळ्यात येतो तो फक्त नर. मादी मध्यरात्रीनंतर गंध सोडते, नर मिशांनी तो टिपतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने नागमोडी उडत येतो. सापळ्यात लावलेल्या गोळीत त्याच गंधाची नक्कल असते. अंडी घालणारी मादी या वासाला येत नाही, त्यामुळे शेजारचे नर आले तरी अळी वाढत नाही.

पण सापळ्यांनी पीक वाचतं हाही गैरसमजच. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, म्हणून थोडे पकडून भागत नाही. शिवाय शेजारून येणारी मादी आधीच जुगलेली असू शकते. एकरी 2 सापळे फक्त अंदाजासाठी. नर मोठ्या संख्येने पकडायचे तर एकरी 8-10 लागतात, आणि तेही पाते (फुलकळ्या) लागण्याआधीपासून, आजूबाजूच्या वावरांसह.

तापीकाठ:
भोपळ्याच्या सापळ्याची गोळी तपासा. हिरव्या बोंडअळीची किंवा स्पोडोप्टेराची (पानं खाणाऱ्या अळीची) बसली असेल तर गुलाबीचा नर फिरकणारच नाही, प्रत्येक जातीचा गंध वेगळा. पाकिटावरचं नाव वाचा. गोळी बरोबर असेल तर ती कधी लावली ते बघा. साधारण 3-4 आठवड्यांनी बदलावी लागते, कडक उन्हात त्याआधीच.

बदलताना हाताला तंबाखू, औषध किंवा दुसऱ्या गोळीचा वास नको. जुनी गोळी आणि रिकामं पाकीट वावरात टाकू नका, तिथूनही गंध सुटतो आणि नर भलतीकडेच घिरट्या घालतो. एका सापळ्यात दोन किडींच्या गोळ्या तर मुळीच नकोत.

सापळा शेंड्याच्या फूटभर वर हवा. कपाशी वाढते आणि काठी तिथेच राहते, मग सापळा पानांत बुडतो व गंध पसरत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणून सगळे सापळे पूर्वेच्या बांधावर असतील तर गंध वावराबाहेरच जातो.

बांधावरचा:
आणि वीसपैकी तीन म्हणजे 15 टक्के. दहा टक्क्यांवर फवारणीची पातळी ओलांडली, सापळा काहीही सांगो. सापळ्यासाठी मोजमाप वेगळं: सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज 8 पतंग.

कैरी फोडताना बाहेर भोक शोधू नका, अळी आत शिरली की ते बुजतं. कैरीची पाकळी (कप्पा) उघडून सालीच्या आतल्या बाजूला फोडासारखी खूण दिसते का ते पाहा. लहान अळी पांढुरकी असते, गुलाबी रंग नंतर येतो. आत गेलेल्या अळीपर्यंत औषध पोहोचत नाही, फवारणी मारते ती पतंगाला आणि अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीला. म्हणून एकाच फवारणीवर विसंबू नका. पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक लवकर वापरलं तर मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उसळते.

चोपड्याचा कापूसवाला:
डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं) मात्र आता दिसत नाहीत. आणि पतंगही कमी झाले तर सुटलो समजायचं?

तापीकाठ:
नाही. कैऱ्या मिळू लागल्या की अळीला फुलाची गरज उरत नाही, म्हणून डोमकळ्या कमी दिसतात. पतंगांचंही तसंच. वावरात खऱ्या माद्या खूप झाल्या की गोळीचा वास त्यांच्याशी स्पर्धेत हरतो, आकडा उतरतो आणि अळी मात्र वाढते. आता सापळ्यापेक्षा कैऱ्यांवर भिस्त ठेवा, दर आठवड्याला वीस फोडा.

बांधावरचा:
दिवस लहान झाला की हीच अळी सरकीत सुप्त होऊन बसते, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून. म्हणून फरदड (वेचणीनंतरही तेच पीक पुढे राखणं) नको. डिसेंबरपर्यंत पऱ्हाटी (कपाशीची उभी झाडं) काढा, बांधावर रचून ठेवू नका. वेचणीनंतर उरलेल्या कैऱ्या खायला ठेलाऱ्यांच्या (फिरत्या मेंढपाळांच्या) मेंढ्या बसवा, पण शेवटची फवारणी कधी केली ते त्यांना आधी सांगा.